हा कुठला कायदा? : वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरे

गेल्या अंकात कायदा आणि नीती यांच्या नात्याविषयी मी दोन परिच्छेद लिहिले आणि त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. बहुतेक पत्रांत एक वाक्य या ना त्या रूपात आहे : 'हा कुठला कायदा?' मराठी माणूस हे वाक्य रोज उच्चारतो, पण त्यात कायदेशास्त्रातला एक फार जुना वाद दडलेला आहे. निवडक पत्रांना उत्तरे देतो. नावे कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी नाशिक रोडला राहते आणि विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. ज्युरिसप्रुडन्सच्या, म्हणजे कायदेशास्त्राच्या, पुस्तकात नॅचरल लॉ आणि पॉझिटिव्हिझम ही प्रकरणे लागोपाठ आहेत. दोन्ही पाठ आहेत, पण भांडण नेमके कशावरून आहे ते कळत नाही. 'अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे' असे एक म्हणतो, 'कायदा तो कायदा' असे दुसरा म्हणतो. खरे कोणाचे?

उत्तर : आधी 'पॉझिटिव्ह' या शब्दाने घातलेला घोळ निस्तरू. इथे या शब्दाचा सकारात्मकतेशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये 'पोनेरे' म्हणजे ठेवणे, मांडणे. कोणा माणसाने किंवा संस्थेने मांडला, स्थापला, तो पॉझिटिव्ह कायदा. नॅचरल लॉ म्हणजे जो कोणी करावा लागत नाही, विवेकबुद्धीने शोध घेतला तर सापडतो, असे त्याचे समर्थक म्हणतात तो कायदा. मराठी पाठ्यपुस्तकांतले प्रतिशब्द एकसारखे नाहीत, म्हणून मी पुढे 'स्थापितवाद' आणि 'निसर्गविधी' असे दोन साधे शब्द वापरणार आहे.

वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत जिल्हा न्यायालयाच्या आवारात माझ्या टेबलापाशी एक विधवा बाई आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत चौघडी घातलेला सातबारा आणि हक्कसोड पत्राची नक्कल होती. नवऱ्याच्या दिवसकार्याच्या गडबडीत दिराने तिचा अंगठा घेतला होता आणि दाद मागण्याची मुदत केव्हाच टळून गेली होती. मी कागद वाचले आणि म्हणालो, "बाई, दस्त नोंदलेला आहे, मुदतही गेली. कायद्याने आता काही होण्यासारखे नाही." ती म्हणाली, "कायद्यानं होत न्हाई, ते कळलं. पण हे न्यायाचं हाय का, तेवढं सांगा." मी नाही म्हणालो. तिने सातबारा जुन्याच घड्यांवर घडी करून पिशवीत ठेवला आणि ती गेली.

इंग्लंडमध्ये जॉन ऑस्टिनने १८३२ साली जे सूत्र मांडले, ते असे : कायदा अस्तित्वात असणे ही एक गोष्ट, तो चांगला की वाईट ही दुसरी. त्या बाईने ऑस्टिनचे नाव ऐकलेले नव्हते. पण 'कायदेशीर' आणि 'न्याय्य' हे दोन शब्द भाषेने वेगळे ठेवले आहेत, ते वेगळे का ठेवले आहेत, हे तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होते. स्थापितवाद्यांना न्यायाची पर्वा नसते, हा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतला गैरसमज आहे. ऑस्टिनचा गुरू बेंथम हा तत्कालीन इंग्रजी कायद्याचा सर्वांत कडवा टीकाकार होता. जे आहे त्याचे वर्णन आणि जे असावे त्याची मागणी यांची सरमिसळ झाली, तर 'आहे तेच योग्य' असे म्हणणाऱ्यांचे फावते, ही त्याची तक्रार होती.

ऑस्टिनचे उत्तर मात्र एका ठिकाणी तोकडे पडते. सार्वभौमाने शिक्षेच्या धाकावर दिलेली आज्ञा म्हणजे कायदा, असे तो म्हणतो. मग पिस्तूल रोखून पैसे मागणारा दरोडेखोर आणि कर वसूल करणारा अधिकारी यांत फरक काय उरला? हार्ट या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने १९६१ साली हा दोष दाखवून दिला आणि स्थापितवाद आतून दुरुस्त केला. त्याच्या मते कायद्याच्या मुळाशी धाक नसून एक मान्यता असते; न्यायाधीश आणि अधिकारी अमुक कसोटीला उतरते ते कायदा म्हणून धरायचे, असा एक नियम प्रत्यक्ष व्यवहारात पाळत असतात. तो नियम कुठे लिहिलेला असलाच पाहिजे असे नाही. आपल्याकडे कोणताही न्यायाधीश एखादी तरतूद राज्यघटनेशी ताडून पाहतो, तेव्हा हाच नियम पाळत असतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, भांडण 'कायदा न्याय्य असावा का' यावरून नाहीच. त्यावर दोघांचे एकमत आहे. एखादी गोष्ट कायदा ठरण्यासाठी तिच्यात थोडीतरी न्याय्यता असावीच लागते का, यावरून ते आहे.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत निर्यातबंदी आली आणि आमचा भाव कोसळला. गावातले वकील म्हणतात, सरकारला अधिकार आहे, विषय संपला. आमच्या पोटावर मारणारा कायदा हा कायदा कसा?

उत्तर : तुमच्या गावच्या वकिलांनी स्थापितवाद्याचे उत्तर दिले आहे आणि ते चूक नाही. विदेशी व्यापाराविषयीच्या १९९२ च्या कायद्याने आयात-निर्यातीवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. त्याच अधिकारात ७ डिसेंबर २०२३ ची अधिसूचना निघाली. आधीच्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले होते, बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून आली, मार्चमध्ये ती वाढवली गेली आणि ४ मे २०२४ रोजी अटींसह उठली. या सगळ्याचा उगम शोधायला गेलात, तर प्रत्येक कागदाच्या मागे दुसरा अधिकृत कागद सापडेल. विषय मात्र तिथे संपत नाही.

'अन्यायी कायदा हा कायदा नव्हे' हे वाक्य ज्यांच्या नावावर खपते, त्या तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताचे म्हणणे प्रत्यक्षात पुष्कळ बारकाईचे आहे. कायदा तीन तऱ्हांनी अन्यायी होतो, असे तो सांगतो. राज्यकर्ता स्वतःच्या लोभासाठी तो करतो, ही पहिली. आपल्या अधिकाराबाहेर जाऊन करतो, ही दुसरी. तिसरी तऱ्हा तुमच्या पत्राशी थेट जुळते : हेतू सर्वांच्या हिताचा असतो, पण बोजा विषम वाटला जातो. शहरातल्या स्वयंपाकघरात कांदा स्वस्त राहावा, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही, आणि पंचवटीतल्या बाजारात कांदा घेताना मलाही तो स्वस्तच हवा असतो, हे कबूल केलेले बरे. पण त्या स्वस्ताईची किंमत एकट्या कांदेवाल्याने का भरावी, हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच्या त्या कसोटीत नेमका बसतो. असे कायदे मनाला बांधून घेत नाहीत, असे अक्वायनस म्हणतो. मात्र लगेच पुस्ती जोडतो की, गोंधळ किंवा त्याहून मोठा अनर्थ टाळण्यासाठी ते पाळावे लागू शकतात. म्हणजे निसर्गविधीचा हा मोठा आचार्यसुद्धा तुम्हाला बंदी मोडून कंटेनर भरा, असे सांगणार नाही.

अमेरिकन प्राध्यापक लॉन फुलर यांचा मुद्दा मला तुमच्या बाबतीत अधिक उपयोगी वाटतो. १९६४ साली त्यांनी कायद्याची 'अंतर्गत नीती' मांडली. नियम सर्वसाधारण असावेत, जाहीर केलेले असावेत, मागच्या तारखेपासून लागू नसावेत, समजतील असे असावेत, एकमेकांच्या विरुद्ध नसावेत, पाळता येण्याजोगे असावेत, सतत बदलू नयेत आणि अधिकारी प्रत्यक्षात तेच नियम लावत असावेत. यातल्या सातव्या, सतत बदलू नयेत या अपेक्षेकडे पाहा. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. ज्याने पावसाळ्यात रोपे लावली, त्याने तेव्हाच्या नियमांवर विसंबून लावली. नियम पिकाच्या मुदतीपेक्षाही लवकर बदलत राहिले, तर त्यांच्याकडे पाहून आयुष्याची आखणी करता येत नाही, आणि आखणी करता यावी हेच तर नियमांचे काम, असे फुलर म्हणतील.

हार्टने यावर खोचक उत्तर दिले होते : विष घालणाऱ्यालाही आपल्या कामाची तंत्रे असतात, म्हणून त्यांना नीती म्हणायचे का? उत्तर चतुर आहे, पण मला पटलेले नाही. ज्याला विष घालायचे त्याला कोणी आगाऊ सूचना देत नाही. आगाऊ सूचना देणे ही माणसाला माणूस म्हणून वागवण्याची पहिली पायरी आहे. बंदीविरुद्ध न्यायालयात लढणे अवघड असले, तरी किमान पिकाच्या हंगामापुरते धोरण स्थिर ठेवा, ही मागणी करताना तुम्ही दयेची याचना करत नसता. कायद्याने कायद्यासारखे वागावे, एवढेच म्हणत असता.

प्रश्न : मी पंचवटीत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजावरून जाताना नातवाने विचारले, "आजी, सत्याग्रह करणाऱ्यांनी कायदा मोडला होता का?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : बाई, तुमच्या नातवाचा प्रश्न या अंकातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक मंदिराकडे निघाली; संघटनेची धुरा आपल्या नाशिकचे दादासाहेब गायकवाड वाहत होते. दरवाजे बंद होते. मग दरवाजांपुढे स्त्री-पुरुषांच्या तुकड्या बसू लागल्या. त्या वर्षीच्या रामनवमी उत्सवात रथाच्या वेळी दगडफेक आणि मारामारी झाली, आणि लढा पुढे काही वर्षे चालला.

त्या वेळी कायदा काय होता? मंदिरात कोणी जावे याविषयी रूढी चालत असे आणि न्यायालये तिला कायद्याचे बळ देत असत. मदुरेजवळच्या कमुदी इथल्या मंदिरातून नाडार समाजाला वगळण्याची रूढी १९०८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही, उचलून धरली होती. म्हणजे स्थापितवाद्याचे उत्तर सरळ आहे : होय, दरवाजाआडच्या मंडळींच्या बाजूला त्या वेळचा कायदा होता, आणि तो लाजिरवाणा होता. निसर्गविधीवाला म्हणेल, ज्या रूढीने माणसाला माणूसपण नाकारले ती कधीच कायदा नव्हती, म्हणून कायदा मोडला असे म्हणताच येत नाही.

दुसरे उत्तर ऐकायला गोड आहे. बरीच वर्षे मीही तेच देत होतो. पुढे एक गोष्ट लक्षात आली आणि मी थबकलो. दरवाजा बंद करून आत उभे असलेले लोक तरी काय म्हणत होते? आमचा धर्म सनातन आहे, तो कोणा सरकारने केलेला नाही, कोणा सरकारला तो बदलता येणार नाही. हीसुद्धा निसर्गविधीचीच भाषा आहे! माणसाने केलेल्या कायद्याच्या वरचा कायदा दाराच्या दोन्ही बाजूंना उभा होता. 'उच्चतर कायदा' एवढे शब्द उच्चारून काहीही निकालात निघत नाही. तो कायदा माणसाच्या बुद्धीला पटवून देता येतो का, की तो केवळ पोथीच्या धाकावर उभा आहे, हे तपासावे लागते. निसर्गविधीचे आजचे मोठे प्रवक्ते जॉन फिनिस यांनी १९८० साली नेमका हाच भार विवेकबुद्धीवर टाकला. जीवन, ज्ञान, मैत्री यांसारखी काही मूलभूत हिते कोणालाही उघड पटतात आणि तिथून विचार सुरू करावा, असे ते म्हणतात. त्या कसोटीवर दाराआडची बाजू क्षणभरही टिकत नाही.

बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते आणि दोन्ही हत्यारे त्यांना चालवता येत होती. महाडमध्ये डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी चवदार तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम होता. तो मोडायचा नाही, असे त्या परिषदेत ठरले. आणि त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. सरकारच्या न्यायालयाचा हुकूम पाळला आणि सनातन म्हणवणारा ग्रंथ जाळला! या एका घटनेत मला कायदेशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम दिसतो. तळ्याचा दावा पुढे मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली बाबासाहेबांच्या बाजूने लागला. तो का लागला, तर वहिवाट अनादिकालापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून. समतेच्या तत्त्वावर तो उभा नव्हता, पुराव्याच्या रुक्ष नियमावर उभा होता.

काळारामचा सत्याग्रह मात्र निकालापर्यंत गेला नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून तो थांबवण्याचा सल्ला दिला. लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हा लढा सुरू केला नव्हता, दलितांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात बळ यावे म्हणून केला होता, असे त्यांनी स्पष्ट केले. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मंदिराचे दार उघडले ते कायदा बदलून : मुंबई प्रांताचा १९४७ चा मंदिर प्रवेशाचा कायदा आला, नंतर अस्पृश्यता नष्ट करणारा राज्यघटनेचा अनुच्छेद १७. आणि अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दाच्या व्याख्येत रूढी आणि वहिवाट यांचाही समावेश आहे, त्यामुळे मूलभूत हक्कांविरुद्धची रूढी आता न्यायालयात उभी राहू शकत नाही. ज्यांनी ती व्याख्या लिहिली, त्यांना बंद दरवाजा प्रत्यक्ष माहीत होता.

नातवाला सांगायचे झाले तर मी असे सांगेन : होय, तेव्हाचा कायदा त्यांच्या विरुद्ध होता, आणि कायदा विरुद्ध आहे हे नीट माहीत असूनही ते दारापुढे बसले. 'तो कायदाच नव्हता' असे म्हटले, तर त्यांच्या धैर्याची किंमत आपण आपल्या हाताने कमी करतो.

प्रश्न : कॉलेज रोडवरून लिहीत आहे. जर्मनीत हिटलरच्या काळात आणि आपल्याकडे आणीबाणीत न्यायाधीशांनी नियमावर बोट ठेवून अन्यायाला साथ दिली. मग हा दोष 'कायदा तो कायदा' म्हणणाऱ्यांचा नव्हे काय?

उत्तर : जर्मन विधिज्ञ गुस्टाव राडब्रुख यांनी १९४६ साली हाच आरोप केला : स्थापितवादाने जर्मन वकिलांना निःशस्त्र केले. न्यायाशी असलेली विसंगती असह्य थराला पोहोचली की कायद्याने न्यायापुढे माघार घ्यावी, असे त्यांचे सूत्र होते. १९५८ साली हार्ट आणि फुलर यांचा जो गाजलेला वाद झाला, त्याच्या केंद्रस्थानी एक खटला होता. रजेवर आलेल्या सैनिक नवऱ्याने घरात हिटलरविषयी अनुदार उद्गार काढले, आणि त्याला घालवू पाहणाऱ्या बायकोने तक्रार केली. त्याला मृत्युदंड झाला, पण तो न देता त्याला आघाडीवर धाडण्यात आले. १९४९ मध्ये तिच्यावरच खटला चालला. तक्रार तेव्हाच्या कायद्याला धरूनच होती, हा तिचा बचाव. जुना कायदा कायदाच नव्हता असे भासवण्यापेक्षा, तो कायदा होता हे मान्य करून आज उघडपणे मागच्या तारखेचा कायदा करावा आणि त्याची नैतिक किंमतही उघडपणे मोजावी, हे हार्टचे म्हणणे. मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

राडब्रुख यांच्या आरोपात ऐतिहासिक खोटही आहे. जून १९३५ मध्ये नाझींनी जर्मन दंडविधान बदलून 'जनतेच्या निकोप भावने'ला धरून, कायद्यात नसलेल्या कृत्यालाही शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशांना दिली. म्हणजे त्यांना लेखी नियमाचा काच नको होता! जे नीतीच्या नावाने नियम ओलांडतात, त्यांच्यापुढे 'कायदा तो कायदा' हा किल्ला ठरू शकतो.

आणीबाणीचे प्रकरण असे. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ सह काही हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. नऊ उच्च न्यायालयांनी विनाखटला डांबलेल्या बंदिवानांचे म्हणणे ऐकता येईल असे ठरवले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते फिरवले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले होते की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी कोणाला ठार केले तरीही दाद नाही काय. आणि उत्तर मिळाले की, या युक्तिवादाप्रमाणे दाद नाही.

खन्ना यांचे भिन्नमत निसर्गविधीचा विजय म्हणून सांगितले जाते. ते वाचले तर चित्र थोडे वेगळे दिसते. अनुच्छेद २१ हे जीविताच्या हक्काचे एकमेव उगमस्थान नाही, असे ते म्हणतात. पण लगेच दाखवतात की, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हे तत्त्व राज्यघटनेच्या आधीही आपल्या कायद्यात प्रस्थापित होते. स्थापितवाद्यालाही हे म्हणता आले असते, आणि बहुमतातल्या न्यायमूर्तींनाही. तेव्हा दोष कुठल्या एका सिद्धान्ताच्या माथी मारण्याइतका मी धीट नाही. खन्ना यांना डावलून १९७७ मध्ये कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे लिहूनच टाकले. १९७६ च्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, हे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले तेव्हा त्या निकालपत्रातला तो भाग त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला.

प्रश्न : इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीने एका सभासदाला रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस टाकली आणि सकाळी दंड लावला. हे 'नैसर्गिक न्याया'विरुद्ध आहे, असे तो सभासद म्हणतो. हाच का तुमचा निसर्गविधी?

उत्तर : चुलत नाते आहे, सख्खे नाही. नैसर्गिक न्याय म्हणजे कार्यपद्धतीचे दोन मुख्य नियम : ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा त्याला आधी बोलू द्यावे, आणि आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये. दुसऱ्याचे उदाहरण आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या एका निकालात आहे; काश्मीरमधले एक वनाधिकारी निवड मंडळावर बसले होते आणि उमेदवारांतही होते! पहिल्याविषयी इंग्लंडच्या एका न्यायाधीशाने १७२३ साली म्हटले होते की, देवानेसुद्धा आदमला शिक्षा देण्याआधी त्याचे म्हणणे विचारले. हे नियम आज न्यायालयांनी स्थापलेला कायदा म्हणूनच लागू आहेत, त्यासाठी अक्वायनसपर्यंत जायला नको. तुमच्या कमिटीने दंडाचा ठराव स्थगित करावा, सभासदाला लेखी नोटीस देऊन उत्तरासाठी पुरेसे दिवस द्यावेत, आणि ज्यांच्या तक्रारीवरून हे सुरू झाले ते कमिटीत असतील, तर त्यांनी त्या दिवशी निर्णयाच्या वेळी खोलीबाहेर बसावे.